रोज तोच किनारा, रोज तीच वही

किनाऱ्यावरचा शरद पंचांगातल्या शरदाच्या बराच आधी उजाडतो. उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात वीण करणारे कित्येक किनारपक्षी जुलैतच परतीला लागतात. पहिले येतात ते प्रौढ. पिल्लं मागून, काही आठवड्यांनी, आईबापांशिवाय आणि वाट कोणी दाखवलेली नसताना. त्यामुळे ‘हवा जरा थंड होऊ दे, मग सुरू करू’ म्हणणाऱ्याच्या हातून पहिली लाट सुटलेली असते. उत्तर गोलार्धात असाल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्थलांतरी पक्ष्यांच्या रोजच्या मोजणीची वही उघडा आणि नोव्हेंबर संपेपर्यंत मिटू नका.

नवख्याला वसंतापेक्षा शरदच बरा. वसंतात पक्षी विणीच्या घाईत असतात, पुढे निघून जातात. शरदात त्या वर्षीची पिल्लंही सोबत असल्याने संख्या मोठी असते आणि प्रवास रेंगाळत चालतो. आज चुकलेला पक्षी परवा पुन्हा भेटण्याची शक्यता असते.

हे लिहितोय ते ज्यांना पंचवीस-तीस पक्षी ओळखता येतात, ज्यांच्याकडे एक दुर्बीण आहे आणि ज्यांना रोज जाता येईल असा किनारा जवळ आहे त्यांच्यासाठी. दुर्मिळ पक्ष्यांमागे धावायचं असेल तर हा मार्ग कंटाळवाणा वाटेल. इथे जागा एक, वेळ एक, माणूस एक. बदलायचं ते फक्त पक्ष्यांनी.

पट्टा ठरवणं

पट्टा निवडताना बहुतेक जण ‘पक्षी कुठे जास्त?’ असं विचारतात. खरा प्रश्न आहे, ‘मी रोज कुठे पोहोचेन?’ तासाभराच्या अंतरावरची सुंदर खाडी दोन आठवडे टिकते. पंधरा मिनिटांवरची साधी पुळण चार महिने टिकते. लांबीही आटोपशीर ठेवा. दीड-दोन किलोमीटर पुष्कळ झालं.

त्यात दोन गोष्टी मिळाल्या तर उत्तम. एक, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची किंवा वाळूची जागा; तिथे तुतवार, चिखल्या, कुरल उतरतात. दुसरी, समुद्रात थोडं घुसलेलं टोक किंवा जरा उंच जागा, जिथे उभं राहून आभाळ मोजता येईल. दिवसा प्रवास करणारे जमिनीवरचे पक्षी उघड्या पाण्यावर जायला कचरतात. ते किनारा धरून सरकतात आणि टोकाशी येऊन गोळा होतात. शिकारी पक्ष्यांचं तर अडतंच. ते तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेवर तरंगत जातात आणि तशी हवा समुद्रावर फारशी मिळत नाही. स्वीडनच्या फाल्स्टरबोला १९७३ पासून आणि अमेरिकेतल्या केप मेला १९७६ पासून दर शरदात शिस्तीत गणना चालते, ती याच कारणाने. दोन्ही ठिकाणी जमीन निमुळती होत पाण्यात संपते. काळ्या समुद्राकाठी जॉर्जियातल्या बातुमीला डोंगर आणि समुद्र यांच्या चिमट्यातून एका शरदात दहा लाखांहून जास्त शिकारी पक्षी जातात. तुमच्या टोकावर असं काही होणार नाही. पण कारण तेच असल्याने छोट्या टोकावरही छोट्या प्रमाणात तोच खेळ दिसतो.

उभं राहायची जागा ठरवताना सूर्य बघा. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर सकाळचं ऊन पाठीमागून येतं, पक्ष्यांचे रंग स्वच्छ दिसतात. पूर्वेकडच्या किनाऱ्यावर सकाळी समोर चकाकता पत्रा आणि त्यावर काळे ठिपके. तिथे जरा आडवं, किनाऱ्याच्या रेषेत बघता येईल अशी जागा शोधा. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे चुकूनही बघायचं नाही.

पहिला आठवडा आकडे नकोत

हे कोणी मला आधी सांगितलं असतं तर माझा अख्खा पहिला हंगाम वाचला असता. रोज उजाडताना कुरवांचे लहान-लहान घोळके दक्षिणेकडे जायचे आणि मी ‘स्थलांतर, दक्षिण’ म्हणून ते मोठ्या उत्साहाने लिहायचो. ऑक्टोबरात एका संध्याकाळी वाळूवर विसरलेली टोपी आणायला गेलो, तर तेच घोळके त्याच उंचीवरून उत्तरेकडे चालले होते. रात्रीच्या मुक्कामावरून चरायला आणि चरण्यावरून मुक्कामाला, एवढाच त्यांचा प्रवास. कुरवांचे ते सगळे आकडे पेन्सिलीने खोडावे लागले.

म्हणून पहिले सात-आठ दिवस नुसतं बघा. इथलेच कोण, कुठल्या खांबावर कोण बसतं, घारी कोणत्या झाडावरून उठतात, बगळे कोणत्या वेळी कुठून कुठे जातात. एकदा तरी संध्याकाळी जा. पट्ट्याची ही रोजची ये-जा डोळ्यांत बसली की वेगळं काही घडतं ते आपोआप टोचतं.

सामान

थोडक्यात उरकतो. दुर्बीण ८×४२ घ्या, म्हणजे आठपट मोठं दिसणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं. दहापटीची जास्त थरथरते आणि एका वेळी कमी आभाळ दाखवते. उडत्या थव्यामागे डोळा लावताना ते नडतं. स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची जास्त ताकदीची दुर्बीण, आणि तिवई असेल तर चिखलावरच्या पक्ष्यांचं काम सोपं होतं, पण पहिल्या हंगामात नसला तरी अडत नाही. असलाच तर झूम २०-२५ वर ठेवून सुरुवात करा. उन्हं तापली की वाळूवरची हवा थरथरते आणि ६० पटीवर पक्ष्याची नुसती जेली दिसते. हातात मावणारा, बटण दाबून आकडा वाढवणारा काउंटर स्वस्त असतो आणि सोन्यासारखा उपयोगी पडतो. वही आणि पेन्सिल. पेन दमट हवेत दगा देतं.

वेळ: सूर्य की समुद्र?

इथे किनाऱ्यावरच्या मोजणीतली खरी गाठ आहे, तेव्हा जरा थांबतो.

आभाळातून जाणाऱ्यांचं घड्याळ सूर्याचं. भिंगऱ्या, धोबी, तीरचिमण्या, चंडोल, राघू (पोपट नव्हे, वेड्या राघूच्या कुळातले) हे दिवसाढवळ्या प्रवास करतात आणि त्यांचा जोर उजाडल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत असतो. शिकारी पक्षी त्यानंतर, जमीन तापल्यावर. वटवट्यांसारखे बरेच छोटे पक्षी रात्री उडतात. ते आभाळात दिसत नाहीत, सकाळी झुडपांत सापडतात.

चिखलावरच्यांचं घड्याळ मात्र भरती-ओहोटीचं. ओहोटीला ते दूरवर पांगून चरत असतात, मोजणं अशक्य. पाणी चढू लागलं की हटत हटत किनाऱ्याकडे येतात आणि पूर्ण भरतीला वाळूच्या एखाद्या कोरड्या दांड्यावर दाटीवाटीने उभे राहतात. भरती पूर्ण होण्याआधीचा तास-दीड तास हा मोजायचा काळ.

अडचण अशी की भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात. तिथे आज सकाळी सातला असलेली भरती आठवड्याने दुपारकडे गेलेली असते आणि तेव्हा सकाळी सातला ओहोटी. मग साधारण पंधरा दिवसांनी चक्र पुन्हा जागेवर येतं. तुम्ही रोज सातलाच चिखलावरचे पक्षी मोजले तर आकडे दोन आठवड्यांच्या लयीत वर-खाली होतील आणि तुम्हाला वाटेल स्थलांतराच्या लाटा येताहेत. लाटा येत असतात, पण पाण्याच्या.

उपाय साधा: एका वहीत दोन मोजण्या. आभाळाची रोज, सूर्योदयापासून ठरावीक वेळ. एक तास झेपत असेल तर एकच तास, पण तोच. चिखलाची मोजणी भरतीच्या वेळापत्रकाप्रमाणे, जमेल त्या दिवशी, भरतीला किती वेळ बाकी होता हे लिहून. दोन्हींची बेरीज कधीही करू नका. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा नेहमीचा दांडा बुडून पक्षी भलतीकडे बसतात. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पाणी पुरेसं चढतच नाही आणि पक्षी लांबच राहतात. हेही त्या ओळीत टिपा.

वारा

हवामान बघायची सवय लागली की घरून निघतानाच अंदाज येऊ लागतो. पाठीमागून हलका वारा मिळाला की पक्षी उंच चढतात आणि भराभर जातात. म्हणजे प्रवासाला दिवस सर्वांत चांगला आणि तुमच्या वहीत मात्र शुकशुकाट. वारा समोरून आला की ते जमिनीला, पाण्याला धरून खाली उडतात; डोळ्यांसमोरून जातात. तेव्हा आकडा वाढला म्हणजे पक्षी वाढले असं नाही, कधी कधी नुसते खाली आलेले असतात. समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा असेल तर सुरय आणि खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्याजवळ ढकलले जातात. रात्री पाऊस किंवा धुकं अचानक आलं तर वरून चाललेले छोटे पक्षी सापडेल तिथे उतरतात. अशा सकाळी आधी झुडपं बघा.

नोंदवताना एक घोटाळा सगळे करतात. वाऱ्याला तो जिथून येतो त्या दिशेचं नाव आणि पक्ष्याला तो जिकडे जातो त्या दिशेचं. ‘उत्तरेचा वारा, पक्षी दक्षिणेला’ म्हणजे वारा पाठीशी आहे. वाऱ्याचा जोर ब्युफोर्टच्या मोजपट्टीत लिहा. ० ते १२ अशा पायऱ्यांची ही पट्टी १८०५ साली जहाजांवरच्या लोकांसाठी तयार झाली आणि तिला यंत्र लागत नाही: लाटांच्या माथ्यावर तुरळक फेस दिसला की ३, बराच दिसू लागला की ४. ढग आठ भागांत मोजतात. अर्धं आभाळ झाकलेलं असेल तर ४/८. ढगांची नोंद आणखी एका कारणाने लागते. कोऱ्या निळ्या आभाळात उंचावरचा पक्षी नजरेला सापडतच नाही, पांढऱ्या ढगावर तोच ठिपका लगेच दिसतो.

आता मोजा

मनातल्या मनात एक रेषा आखा: तुमच्या पायापासून समुद्रातल्या एखाद्या बोयापर्यंत किंवा खडकापर्यंत. जो ती रेषा ओलांडेल तो मोजायचा, बाकी नाही. दक्षिणेला गेलेले एका रकान्यात, उत्तरेला गेलेले दुसऱ्यात. रेषेवर घिरट्या घालणारे तिसऱ्यात किंवा कुठेच नाही. शेवटी दोन दिशांची वजाबाकी म्हणजे त्या दिवसाची निव्वळ वाटचाल, पण वहीत तिन्ही आकडे राहू द्या.

क्षितिजावरून दुर्बीण हळू फिरवा, मग तिच्या वरची पट्टी, मग डोक्यावर नुसते डोळे. डोक्यावरून जाणारे सगळ्यात जास्त चुकतात. आणि कान उघडे. छोटा कुरल दिसण्याआधी त्याच्या एका सुरातल्या सात शिट्ट्या ऐकू येतात. धोबी लाटेसारखा वर-खाली उडतो आणि प्रत्येक उसळीला आवाज देतो.

थवा मोठा असेल तेव्हा हबकायला होतं. समजा चिखल्यांचा थवा दांड्यावरून उठला. एकदम वळला तशी सगळ्यांची पोटं पांढरी चमकली, पुन्हा वळला तर नाहीसाच झाला. पहिल्या वळणावर मोजू नका. पुन्हा चमकेल तेव्हा एका कडेचे दहा नीट मोजा. दहांनी केवढी जागा व्यापली ते डोळ्यांत धरा. तेवढाच ठसा थव्यावर उमटवत जा: दहा, वीस, तीस... पन्नास झाले की तो तुकडा नवं माप, आणि त्या मापाने उरलेला थवा. कडेला पक्षी विरळ आणि मध्ये दाट असतात, त्यामुळे कडेचं माप मधल्या भागाला लावलं की आकडा कमी पडतो. तसाही मोठ्या थव्यात बहुतेकांचा अंदाज कमीच निघतो. घरी सराव करता येतो: काळ्या कापडावर मूठभर धान्य फेका, पाच सेकंद बघा, आकडा लिहा, मग दाणे मोजा. पट्ट्यावर अंदाज लिहून झाल्यावर थव्याचा फोटो घ्या, रात्री एक-एक ठिपका मोजा. क्रम महत्त्वाचा, आधी फोटो मोजला तर डोळा शिकत नाही. महिनाभरात आपण नेहमी किती टक्के चुकतो हे कळतं.

मोजलेला आकडा तसाच लिहा, अंदाजाच्या पुढे खूण करा. ‘तीनशे ते पाचशे’ असं लिहू नका, मनाला पटेल तो एकच आकडा द्या. आणि ‘खूप’ हा शब्द वहीत नको.

ओळख पटली नाही तर

शरदातले किनारपक्षी पुस्तकातल्या चित्रांसारखे दिसत नाहीत. प्रौढांची विणीतली पिसं झिजून उडालेली असतात. बाकदार चोचीच्या तुतवारीच्या पोटावर ऑगस्टमध्ये विटकरी रंगाचे डाग उरलेले असतात, जुन्या भिंतीवरच्या रंगासारखे. पिल्लांचा पिसारा मात्र नवाकोरा: पाठीवरच्या प्रत्येक पिसाला फिकट किनार, त्यामुळे खवल्यांसारखी नीट नक्षी दिसते. शक्य असेल तेव्हा प्रौढ किती, पिल्लं किती हे वेगळं लिहा. पिल्लांचं प्रमाण किती पडलं यावरून त्या वर्षी वीण कशी झाली याचा अंदाज लागतो.

रंगाआधी ठेवण बघा. चोच डोक्याच्या किती पट, पाय किती लांब, चालतो कसा. चिखल्या धावतो, थांबतो, टिपतो. तुतवार चालत चालत चोच खुपसत राहते. एवढ्याने निम्मं काम होतं. उरलेल्यांसाठी वहीत ‘लहान तुतवार, ठरली नाही’ असा एक रकाना ठेवा आणि तो वापरायला लाजू नका. माझ्या वहीत तो आजही रोज भरतो. ज्या वहीत एकही अनोळखी पक्षी नाही तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

वहीतली एक ओळ

नोंद अशी दिसू शकते:

‘१४ सप्टेंबर. ६:१५ ते ७:१५. एकटा. वारा वायव्येचा ३, ढग ६/८, लांबवर धूसर. भिंगरी दक्षिण १८६, उत्तर ११. पिवळा धोबी दक्षिण २३ (९ फक्त आवाजावरून). भोवत्या १, मादी किंवा पिल्लू, दक्षिण. सुरय, ठरले नाहीत, ७. राघू ०.’

शेवटचं शून्य मुद्दाम लिहिलेलं आहे. राघू परवापर्यंत रोज जात होते, आज थांबले, ही त्या दिवसाची सर्वांत मोठी बातमी असू शकते. सुरू आणि बंद केल्याची वेळही तितकीच गरजेची. तिच्याशिवाय १८६ हा आकडा तासाभराचा की सकाळभराचा, हे पुढच्या वर्षी तुम्हालाही सांगता येणार नाही. दोन तास थांबलात तर दर तासाची ओळ वेगळी.

पायातली कडी

किनारपक्ष्यांचे पाय स्कोपमधून बघायची सवय लावा. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या हान्स ख्रिश्चन मॉर्टेन्सन या शिक्षकाने पत्ता कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी मैनांच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांना घातली, तेव्हापासून कडी घालून पक्ष्यांचा माग ठेवण्याचं काम पद्धतशीर चालू झालं. आता किनारपक्ष्यांच्या पायात रंगीत प्लास्टिकचे छोटे झेंडेही असतात आणि रंगांच्या जोडीवरून तो कोणत्या भागात लावला ते कळतं. दिसला तर रंग, डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, झेंडे दोन असतील तर वरचा कोणता, आणि अक्षरं वाचता आली तर अक्षरं, एवढं लिहा आणि कडी लावणाऱ्या संस्थेला कळवा. वाचता आली नाहीत तर अंदाजाने भरू नका. एक अक्षर चुकलं की नोंद भलत्याच पक्ष्याच्या नावावर जाते.

अंतर

भरतीला दांड्यावर उभे असलेले पक्षी आळसावलेले दिसतात. ते विश्रांती घेत असतात आणि पुढच्या टप्प्यासाठीची चरबी जपत असतात. ही चरबी किती मोलाची असते? २०२२ च्या ऑक्टोबरात बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे पट्टेरी शेपटीच्या मालगुजाचं एक जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून निघालं आणि ११ दिवसांत, कुठेही न उतरता, १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियाला पोहोचलं. अंगावर बसवलेल्या उपग्रह-ट्रान्समीटरमुळे हे कळलं. अशा पक्ष्याला फोटोसाठी उगाच उठवणं बरं नव्हे. झोपलेल्यांची डोकी वर आली, माना ताठ झाल्या की तुम्ही जास्त जवळ आलात. तसंच, हळू, मागे फिरा.

स्वतःकडेही बघा. चिखलात एकट्याने लांब जाऊ नका. भरतीची वेळ निघण्याआधी बघा, परतीची वाट मागून बुडत नाही ना याची खात्री करा. डोळा स्कोपला लागलेला असताना पाणी घोट्यापर्यंत आलेलं कळत नाही, हे अनुभवाचे बोल.

नोंदी कुठे द्यायच्या

वही घरातच राहिली तर ती तुमची. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकली तर ती इतरांच्याही कामाची. हा मंच २००२ पासून चालू आहे. एका जागी उभं राहून केलेल्या मोजणीला ‘स्टेशनरी’ हा प्रकार निवडा, तासागणिक वेगळी यादी करा. दिसलेले, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, या प्रश्नाला प्रामाणिक ‘हो’ म्हणता येईल अशाच याद्या करा. अभ्यासकांना अशी यादी जास्त हवी असते, कारण तीत नसलेला पक्षी खरोखर दिसला नव्हता असं धरता येतं. दिशेप्रमाणे आणि तासाप्रमाणे उडत्या पक्ष्यांचे आकडे भरायला ‘ट्रेकटेलन’ हे डच संकेतस्थळ जास्त सोयीचं आहे.

अशा वह्यांचं पुढे काय होतं याचं एक उदाहरण. दक्षिण कोरियात सेमांगुमच्या खाडीमुखावर ३३ किलोमीटरचा बांध २००६ मध्ये पूर्ण झाला आणि तिथला अफाट चिखलपट्टा समुद्रापासून तुटला. तिथे थांबणारे ग्रेट नॉट नावाचे किनारपक्षी दुसरीकडे सरकले असतील, असं म्हणणारे होते. आजूबाजूच्या किनाऱ्यांवर आधी आणि नंतर मोजणारी माणसं होती म्हणून कळलं की ते सरकले नव्हते, कमी झाले होते.

हंगाम संपल्यावर एकूण बेरजा करत बसू नका. दर तासाला किती, हे काढा आणि तारखेसमोर मांडा. कोणता पक्षी कधी पहिल्यांदा आला, कधी सर्वाधिक होता, कधी शेवटचा दिसला, या तीन तारखा प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. ताप, प्रवास, पाहुणे यांमुळे काही दिवस बुडणारच. त्या तारखांसमोर शून्य लिहू नका, रकाना कोरा सोडा. शून्य म्हणजे गेलो होतो आणि पक्षी नव्हते.